किटलीच्या तळाशी बसलेली संघटना

पत्रक कसं लिहावं हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत मागणी आणि मध्ये शत्रू. शत्रू नसेल तर पत्रक छापू नये, कागद वाया जातो. कलबुर्गीला कॉलेजात असताना आमच्या संघटनेनं मला एवढंच शिकवलं, पण ते मी मन लावून शिकले. बससाठी पत्रक काढलं, पाण्यासाठी काढलं, वसतिगृहातल्या पातळ वरणासाठी काढलं. वरणाचं पत्रक तर इतकं गाजलं की वरण घट्ट झालं आणि भाजी बंद झाली.

त्यामुळं मागच्या उन्हाळ्यात मी घरी आले आणि माय म्हणाली, "डेअरीत आपलं दूध घेईना झालेत," तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी मथळा सुचला.

आमचं गाव आळंदच्या पुढं, हद्दीला चिकटून. शेताच्या या बांधावर फोन कर्नाटकात असतो, त्या बांधावर तो महाराष्ट्रात तुमचं स्वागत करतो. गावात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, भांडणात एकदमच चालतात. डेअरी म्हणजे चावडीजवळची एक खोली. सकाळ-संध्याकाळ लोक आपापल्या किटल्या घेऊन तिथं रांगेला लागतात. दूध मापलं जातं, फॅटच्या मशीनवर आकडा येतो, मग सगळ्यांचं दूध मोठ्या कॅनात एक होतं आणि टेम्पोनं चिलिंग सेंटरला जातं. हे सगळं बघणारे सेक्रेटरी म्हणजे अप्पा. सगळं गाव त्यांना अप्पाच म्हणतं. घर लिंगायत, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, डेअरीला लागून स्वतःचं किराणा दुकान. हिशेब तीन भाषांत करतात, शिव्या चौथीत देतात.

गावाच्या दुसऱ्या टोकाला आमची बौद्धांची गल्ली. मायच्या दोन म्हशी. डेअरी सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतून त्या रांगेत उभी राहिलेली पहिली बाई माय. तेव्हा तिच्या पुढचा माणूस दोन पावलं जास्तच पुढं सरकून उभा राहायचा आणि मागचा दोन पावलं मागं. मग रांग वाढली, ऊन वाढलं, सावली तेवढीच राहिली, आणि सावलीत घुसता घुसता ते अंतर मिटलं. कुणी भाषण केलं नाही. नंतर गल्लीतली आणखी पाच-सहा घरं मायच्या मागं रांगेत आली.

आणि आता चिलिंग सेंटरनं आमच्या गावचे कॅन दोनदा परत पाठवले होते. दूध तापवलं की फाटत होतं. आणखी एकदा असं झालं तर टेम्पो तुमच्या गावात थांबणार नाही, असा निरोप होता. अप्पांनी विचार केला, म्हणजे त्यांच्या मते केला, आणि आमच्या गल्लीचं दूध बंद केलं.

"आपल्याच गल्लीचं कामून?" मी विचारलं.

"कुठनं तरी सुरुवात करावी लागती म्हणले."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"न्हाई. म्या म्हणलं, तुमच्या घरापासनं करा की सुरुवात. तर ते मापाकडं बघत बसले."

कोपऱ्यावरचा हॉटेलवाला, म्हणजे चहाच्या टपरीवाला, आमचं दूध घ्यायला तयार होता. मायनं घातलं नाही. "आज हाटेलात घातलं की उद्या अप्पा म्हणतील, तुमची तर सोय झाली की. मंग कशाला घेतील?" तिला बाकी काही नको होतं. तिला परत त्या रांगेत उभं राहायचं होतं.

तोवर घरात दुधाचा पूर आला. आधी दही झालं, मग ताक, मग कढी, मग खवा. खवा करून करून चुलीला तूप सुटायची वेळ आली. शेजारणी आमच्या दारावरून जाताना पळत जायच्या, न जाणो मी तांब्या घेऊन बाहेर आले तर. गल्लीतल्या कुत्र्यांची तब्येत मंत्र्यांसारखी झाली.

मी पत्रक काढलं. मथळा, 'दूध नासलं की नियत नासली?' एका बाजूला मराठी, मागं कानडी. मागण्या तीन. गल्लीचं दूध तत्काळ घ्या, सेक्रेटरींनी माफी मागावी, आणि तिसरी सुचत नव्हती म्हणून चौकशी समिती नेमा. तिसरी मागणी नेहमी तीच असते.

सकाळी रांगेला लागलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं. अप्पांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

"लिवलंय झकास. 'सरंजामी मानसिकता' म्हंजे म्याच का?"

"तुम्हीच."

"बरं. पन पोरी, दूध कामून फाटायलंय ते ह्यात कुठं लिवलंय?"

"ते शोधायचं काम तुमचं."

"मंग शोधायलोच की. तुमच्यापासनं सुरू केलो."

आता झालं असं, की कॅन तिसऱ्यांदा परत येऊ नयेत म्हणून अप्पा टेम्पो यायच्या आधी त्यातलं कपभर दूध हॉटेलात उकळून बघायला लागले होते. आमच्या गल्लीचं दूध बंद, तरी त्या सकाळी कपभर दूध फाटलं. दुसऱ्या सकाळीही फाटलं. मी लगेच दुसरं पत्रक काढलं. त्यात दोनच शब्द होते, पानभर मोठे: 'आता कुणाचं?' माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं पत्रक. माय ते बघून किटली घेऊन निघालीच.

"थांबा अक्का," अप्पा म्हणाले. "आनखी लोकांवर संशय आलाय. पन म्हणून तुमच्यावरचा गेला असं न्हाई."

मग त्यांनी वरच्या आळीचं दूध बंद केलं. मग मशिदीमागचं. मग वाडीवरचं. टेम्पोवाल्याला ते रोज नवा सण सांगायचे आणि रिकाम्या हातानं पाठवायचे. शेवटी एका सकाळी कॅनात फक्त अप्पांच्या भावकीचं दूध होतं. तेही हॉटेलात फाटलं. अप्पा पातेल्यातल्या त्या चोथ्याकडं असे बघत होते, जणू सख्ख्या भावानं कोर्टात उलटी साक्ष दिली होती.

आता गावाला एकच शब्द सुचला, भेसळ. कुणी सोडा घालतंय, कुणी पावडर घालतंय. जो तो दुसऱ्याच्या किटलीत नाक घालायला लागला. मला तर बरंच वाटलं, शत्रू परत मिळाला होता. तिसरं पत्रक 'भेसळखोरांनो, तोंड लपवू नका' छापून होताच मी टेम्पोत बसले आणि चिलिंग सेंटरला गेले. सोबत मायच्या किटलीत आमच्या म्हशीचं दूध, तपासायला, आणि एक निवेदन.

तिथं दूध तपासणारे साहेब होते. डोळ्यांवर झोप, खिशाला पेनं. निवेदन त्यांनी वाचलं नाही, चहाच्या कपाखाली ठेवलं. दूध मात्र नीट तपासलं. नळीत घातलं, काहीतरी थेंब टाकले, रंग बघितला.

"सोडा नाही. युरिया नाही. पाणी पण नाही, नवल आहे."

"म्हणजे दूध चांगलं."

"दूध चांगलं. किटली घाण."

घाण हा शब्द आमच्या घराबद्दल आजपर्यंत कुणी कुणी, कुठं कुठं आणि कशासाठी वापरला याचा इतिहास मी त्यांना तिथंच उभ्यानं सांगितला. दूध ओतून घेतलेल्या किटलीत त्यांनी हात घातला, तळ आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर भेंडीच्या बुळबुळीसारखं काहीतरी पांढुरकं होतं. वास पावसाळ्यात न वाळलेल्या फडक्याचा.

"आता बोला," ते म्हणाले. मी नाक मागं घेतलं. "तुमच्या एकट्याच्या घरचं नाही हो बाई. तुमच्या गावच्या कॅनांच्या झाकणात रबर असतं ना, त्यातही हेच निघालं होतं. एका किटलीची एवढी ताकद नसते. हे अख्ख्या गावाचं आहे."

मग त्यांनी मला ते काय आहे ते समजावून सांगितलं, जांभया देत. दुधात जिवाणू असतातच. सुटे असतात तोवर ते फार काही करत नाहीत, धुतलं की वाहून जातात. पण किटलीला आतून एखादा ओरखडा असला की एखादा तिथं चिकटतो. मग दुसरा येऊन त्याला चिकटतो. मग सगळे मिळून स्वतःभोवती डिंकासारखं काहीतरी सोडतात आणि त्याचं छप्पर करतात. त्याला जिवाणूंचा थर म्हणतात. एकदा छप्पर झालं की वरून गार पाणी ओता नाहीतर साधा साबण लावा, आतल्यांना कळतही नाही. वरून रोज ताजं दूध जातं, ते खातात, वाढतात, दूध आंबवतात, आणि मग ते तापवलं की फाटतं. जागा पुरेनाशी झाली की काही जण सुटून दुधाबरोबर पुढच्या भांड्यात जातात आणि तिथं नवी वस्ती करतात.

मी ऐकतच राहिले. आमच्या तालुका शाखेची बैठक कोरम न झाल्यामुळं कितीदा तहकूब झाली ते मला आठवलं. इथं डोळ्यांना न दिसणारे जीव, ना पत्रक, ना घोषणा, ना प्रवासखर्च, आणि सगळे जागेवर हजर. आमच्यातला कुणी फुटला की विरोधी गटात जातो. यांच्यातला फुटला तर पुढच्या गावात हीच शाखा काढतो. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला हेवा वाटला.

"पण इतकी वर्षं फाटलं नाही, आताच कामून?"

"ऊन वाढलंय. टेम्पो आता आणखी गावं घेऊन येतो, उशीर होतो. आणि यांची वस्ती कधीपासून वाढत असेल कुणास ठाऊक. तुम्ही किटली आतून कशानं घासता?"

इथं मी अडकले. कारण आमच्याकडं किटली आतून घासतच नाहीत.

बाहेरून घासतात, राख आणि काथ्या लावून, तोंड बघावं अशी. पण आतून हात लावायचा नाही. दुधाचं भांडं आतून खरवडलं की म्हैस आटते. शिवाय डेअरीत अप्पा किटली ओतून घेताना तळाशी एक घोट ठेवूनच परत देतात, कारण दुधाचं भांडं कुणाच्या घरी रितं धाडायचं नसतं. तो घोट दिवसभर तसाच. संध्याकाळी धार काढायच्या आधी तो मांजराला घालायचा, गार पाणी हिंदकळवायचं, झाली किटली साफ. आणि किटली पालथी तर कधीच घालायची नाही. दारात पालथी किटली म्हणजे त्या घरचं दुभतं संपलं. वरची आळी असो, मशिदीमागची घरं असोत, वाडी असो नाहीतर आमची गल्ली. एकमेकांच्या घरचं पाणी प्यायला का-कू करणारी माणसं या एका बाबतीत पूर्ण एकमतानं वागत होती.

"ब्रशनं घासा, धुण्याचा सोडा लावून," साहेब म्हणाले. "मग उकळतं पाणी. मग उन्हात पालथी. रोज. सगळ्या गावानं." आणि त्यांनी ते बोट माझ्या निवेदनाला पुसलं.

घरी येऊन मी मायला धारेवर धरलं.

"आपण बौद्ध. घरातनं देव गेले, अंगारे गेले. आणि किटलीच्या तळाशी तू लक्ष्मी बसवून ठेवलीस?"

"ती लक्ष्मी न्हाई."

"मग काय आहे?"

"सवय हाय. लक्ष्मी परवडली, हात जोडले की गप बसती."

"आणि खरवडलं की म्हैस आटते, ते?"

"ते म्या कुठं मानते?"

"मग घास आतून."

"तू घास. म्या मानत न्हाई, पर म्हैस मानत आसंल तर?"

मी घासली. उकळतं पाणी ओतलं आणि कुंपणाच्या मेढीवर पालथी घातली. उन्हात ती इतकी चकाकत होती की पार चावडीवरून दिसावी. दिसली असणारच, कारण थोड्याच वेळात लोक भेटायला यायला लागले. आवाज खाली, पदर नीट.

"कंची आटली?"

"कुठलीच न्हाई आटली."

"आसू दे. मनाला लावून घेऊ न्हाई."

एक मावशी तर पदराखाली झाकून तांब्याभर दूध घेऊन आली. आमच्यासाठी. ज्यांच्या घरात दूध ठेवायला भांडं उरलं नव्हतं त्यांच्यासाठी. मायनं तो तांब्या घेतला, म्हणाली, "लई उपकार," आणि माझ्याकडं असं बघितलं की मला आत जाऊन काम काढावं लागलं.

संध्याकाळी धार काढायला माय बसली तेव्हा गोठ्याभोवती निम्मी गल्ली आणि वरच्या आळीचे चार जण उभे होते, म्हैस आटते का ते बघायला. मी समोरून व्हिडिओ काढत होते, पुरावा म्हणून. म्हशीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि पान्हा चोरला. दूध निम्मंच निघालं.

"बघा," मागून कुणीतरी समाधानानं म्हणालं, "खरवडली की आटलीच."

"तुझा तो फोन खिशात घाल," माय मला म्हणाली. "म्हैस हाय ती. पुढारी न्हाई, फोन दिसला की खुलायला."

दुसऱ्या सकाळी गर्दी नव्हती, फोन नव्हता, म्हशीनं पोटभर दूध दिलं. पण ते बघायला कुणी आलं नाही. म्हैस आटल्याची बातमी तेवढ्यात वाडीपर्यंत गेली होती.

मी चौथं पत्रक काढलं, 'किटली आतून घासा'. ते सपशेल पडलं. पहिल्या ओळीत प्रश्न होता, शेवटच्या ओळीत मागणी होती, मध्ये शत्रूही होता, पण तो कुणाच्या ओळखीचा नव्हता. लोकांनी पत्रक उलटंपालटं करून बघितलं, ओळखीचं कुणी सापडेना म्हणून घडी करून खिशात घातलं. खुद्द अप्पांची तक्रार होती.

"ह्यात म्या कुठंच न्हाई."

"तुमची चूक नाही म्हणून नाही."

"मंग मजा काय वाचायला?"

त्या दिवशी मायनं माझ्याशी सल्लामसलत केली नाही. दूध भरून किटली घेतली आणि जाऊन रांगेत उभी राहिली. मी मागं धावले.

"अक्का, बंद हाय म्हणून सांगितलाव की," अप्पा म्हणाले.

"ठावं हाय. घालाय न्हाई आले. चा प्यायला आले."

"चा?"

"माझं दूध एका ग्लासात ठिवा, तुमच्या घरचं एकात. हाटेलात, सगळ्यांच्या म्होरं. ऊन चढलं की दोन्हीचा चा करा. माझा फाटला तर म्या ह्या रांगेत पुन्हा पाय ठिवणार न्हाई. न्हाई फाटला तर आमची गल्ली उद्यापासनं रांगेत."

मी साहेबांचं ऐकून घासलं होतं खरं, पण कोपऱ्यातली वस्ती पूर्ण उठली होती की नाही, कुणी सांगावं. तेवढ्यावर मायनं आपली रांग पणाला लावली होती. मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

अप्पांना नाही म्हणता येईना, रांग ऐकत होती. आणि मग रांगेतल्या प्रत्येकालाच आपलाही ग्लास हवासा झाला. वरच्या आळीचा एक, मशिदीमागचा एक, वाडीचा एक. हॉटेलवाल्यानं बाकड्यावर ग्लास मांडले, वर बशा झाकल्या. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून अप्पांनी आपल्या ग्लासावर विभूतीचे पट्टे ओढले. वाडीवाल्यांनी लिंबाची काडी ठेवली, बाकीच्यांनीही आपापली खूण केली. माय म्हणाली, माझ्यावर काही नको, उरलेला तो माझा.

दूध बघत बसलेला गाव मी पहिल्यांदाच बघितला. फोनवर क्रिकेट चालू होतं, तिकडं कुणी मान वळवली नाही. ऊन टपरीच्या पत्र्यावर तापत गेलं. मधूनच कुणीतरी बशी उचलून वास घ्यायचं आणि बाकीचे त्याच्यावर ओरडायचे. हॉटेलवाला एवढा मोठा माणूस कधी झाला नव्हता. "हात लावायचं न्हाई. हात धुवूनबी लावायचं न्हाई."

दुपारी त्यानं स्टोव्ह पेटवला. मानाचा म्हणून अप्पांचा ग्लास पहिला. दूध तापलं, कडेला बुडबुडे आले, आणि एकदम कुणीतरी आतून ढकलल्यासारखं सगळं फाटून दाणे दाणे झालं. पाणी एकीकडं, चोथा एकीकडं.

"आलं टाकलास, आल्यानं फाटलं," अप्पा म्हणाले.

"आलं अजून हातातच हाय अप्पा."

"मंग पातेलं घाण तुझं."

हॉटेलवाला दुखावला. त्यानं आतून दुसरं पातेलं आणलं, सगळ्यांना फिरवून दाखवलं, उकळत्या पाण्यानं विसळलं. मशिदीमागच्या ग्लासानं पहिली उकळी काढली आणि दुसरीला फाटला. वाडीचा पहिलीलाच गेला. वरच्या आळीचा बराच वेळ टिकला, लोकांनी माना डोलवायला सुरुवात केली, मग चहापत्ती पडताच गेला. प्रत्येक वेळी पातेलं विसळलं जात होतं आणि प्रत्येक वेळी हॉटेलवाला ते अप्पांच्या नाकाखालून नेत होता.

मायचा ग्लास शेवटी आला. माय पातेल्याकडं बघतच नव्हती, ती रस्त्याकडं बघत होती, जणू तिची बस येणार होती. मी मनातल्या मनात त्या न दिसणाऱ्या संघटनेला विनवत होते, आयुष्यात एकदा तरी तुमची बैठक तहकूब करा. दूध वर आलं. काठापर्यंत आलं. हॉटेलवाल्यानं खाली उतरवलं, परत ठेवलं. परत वर आलं. चहापत्ती टाकली, साखर टाकली, आणि मग अप्पांकडं बघत, मुद्दाम, आलं ठेचून टाकलं. चहा तांबूस, दाट, अखंड.

त्यानं पहिला कप अप्पांच्या पुढं धरला. मायच्या म्हशीचं दूध अप्पांच्या डेअरीतून वर्षानुवर्षं जात होतं, पण ते अप्पांच्या पोटात कधी गेलं नसणार. अप्पांनी कप घेतला. बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

मग एकदम सगळे बोलायला लागले. किटल्या आजच घासायच्या ठरल्या, संध्याकाळच्या धारेच्या आत. पण घरोघरी पालथ्या घालायच्या तर घरोघरी लोक भेटायला जाणार. म्हणून हॉटेलवाल्यानंच तोड काढली. सगळ्यांनी डेअरीपुढं आणायच्या, घासून आणायच्या, तिथं लग्नाची कढई लावून, डेअरीच्या कॅनांच्या झाकणांसकट, उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि भिंतीवर ओळीनं पालथ्या घालायच्या. सगळ्यांच्याच पालथ्या असल्यावर कुणाची म्हैस आटली म्हणणार? जाळायला तुराट्या वाडीवाल्यांनी आणल्या, कढई देवळातून आली.

पाणी उकळायला लागलं आणि अप्पा हळूच म्हणाले, "दोन कढया लावल्या तर? म्हंजे लवकर आटपंल."

दुसरी कढई कुणाच्या किटल्यांसाठी ते सगळ्यांना कळलं. कुणी वर बघेना. माझ्या जिभेवर मथळा आला होता, मोठा, दोन्ही भाषांतला. पण माय आधी बोलली.

"लावा की. कढया दोन लावायच्या तर एक चांगल्या किटल्यांची, एक बुळबुळीत किटल्यांची. माझी चांगल्यातली, चानं सांगितलंय. तुमची कंच्या कढईत जाती, ते तुमीच बघा अप्पा."

हॉटेलवाला ठसकला. वरच्या आळीच्या एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला, तिचे खांदे हलत होते. अप्पांनी कढईकडं बघितलं, मग गावाकडं बघितलं.

"एकच लावा," ते म्हणाले. "सरपन जास्त जायलंय उगंच."

मग पाणी स्वच्छ असताना स्वच्छ किटली आधी, असं हॉटेलवाल्यानं जाहीर केलं. त्या दिवसापुरता तोच न्यायाधीश होता. क्रम चहाच्या निकालाप्रमाणं. मायची पहिली. मग वरच्या आळीच्या, मग मशिदीमागच्या. ज्यांचे ग्लास नव्हते त्यांची मधेच ढकलाढकली, त्यात आमची गल्लीही. अप्पा किटली हातात धरून सगळ्यांत शेवटी, वाडीवाल्यांच्या मागं. मध्येच त्यांनी किटलीत बोट घालून बघितलं, वास घेतला आणि कुणी बघितलं का म्हणून आजूबाजूला पाहिलं. मी बघितलं होतं. त्यांनी बोट धोतराला पुसलं.

उद्यापासून ठरलं होतं, पण माय संध्याकाळीच दूध घेऊन आली. रांगेत तिच्या पुढं वाडीची एक बाई, मागं अप्पांची सून. तिची पाळी आली. अप्पांनी किटली घेतली, वास घेतला, मापात ओतली. मशीनवर आकडा आला, त्यांनी तो मोठ्यांदा वाचला, आधी कानडीत, मग मराठीत. किटली परत दिली. माय तिथंच उभी.

"झालं की अक्का," अप्पा म्हणाले.

"झालं की," माय म्हणाली, आणि हलली नाही.

"सरका की आत्या पुढं," मागून सून म्हणाली, किटली या हातातून त्या हातात घेत. "आमचं दूध तापायलंय उन्हात."

"सरकते की," माय म्हणाली. तिनं पदर सारखा केला, मशीनवरचा आकडा परत एकदा बघितला, कॅनात डोकावून बघितलं आणि मग, अगदी सावकाश, बाजूला झाली.